सरळ रेषेबाहेरची विहीर

जमीन मोजायला दोन माणसं लागतात. एक साखळीचं मागचं टोक खुंटीला लावून उभा राहतो, दुसरा पुढचं टोक धरून चालत जातो. मागचा ओरडतो, "ताण." पुढचा साखळी ताणतो, खुंटी रोवतो आणि पुन्हा चालू लागतो. माझ्या नोकरीच्या बहुतेक काळात पुढचं टोक बाबूच्या हातात होतं. यंदाच्या आषाढात बाबू गेला. त्याचा मुलगा सांगायला आला, तेव्हा मी त्याला आत बोलावून पाणी दिलं. बाबूशिवायचं घर इतकं शांत असतं, हे त्या मुलालाही नवीन असावं.

नंतर संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी देशप्रेमावर लिहा, तुम्ही सरकारी नोकरीत होतात, वाचनही आहे. मी सैन्यात नव्हतो. स्वातंत्र्याच्या लढ्यात शाळकरी होतो. माझं आयुष्य इतरांच्या जमिनींच्या कडेकडेने चालण्यात गेलं. या विषयावर मला जे काही ठाऊक आहे ते एका विहिरीवर कळलेलं आहे, आणि ती हकीकत बाबूशिवाय घडलीच नसती. तेव्हा त्याच्यासाठी म्हणून लिहितो.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं त्याहून सोपं आहे आणि जास्त चालण्याचं आहे. लोखंडी कड्यांची लांब साखळी असते. उन्हात ती किंचित वाढते, ओढून ओढून म्हातारी होते, म्हणून अधूनमधून तपासावी लागते. सरळ रेषा आखायची तर झेंडी लावलेले बांबू रोवायचे. पहिल्या बांबूमागे उभं राहून एक डोळा मिटायचा. पुढचे सगळे बांबू त्या एकामागे लपले की रेषा सरळ. मग त्या रेषेत घर येवो, देऊळ येवो, कुणाच्या आजीने लावलेला फणस येवो, बांबूंना त्याचं काही नसतं. ते मोजणी करणाऱ्याने मनात ठेवायचं असतं.

चीनची लढाई थांबली त्या हिवाळ्यात मला बोईसरला पाठवलं. तारापूरच्या बाजूला समुद्रकिनाऱ्यावर अणुवीज केंद्र उभं राहणार होतं. त्यासाठी घ्यायच्या जमिनीची हद्द कायम करायची होती. बोईसर तेव्हा गवताच्या गंज्या, मिठागरं आणि एक झोपाळू स्टेशन एवढंच होतं. स्टेशनजवळ मी खोली घेतली. बाबू पालघरच्या पूर्वेकडचा, तो माझ्याच खोलीत राहायचा, स्वयंपाक करायचा आणि मी वाचत बसलो की दाराशी बसून म्हणायचा, "साहेब, जरा मोठ्यानं वाचा. नुसता रॉकेल जळतोय." मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. बर्फातल्या जवानांची वर्णनं आली की तो पुढे सरकून बसे. मग म्हणे, "त्यांना गरम भात कोन घालत असंल?"

सगळीकडे देशाचीच भाषा होती. शाळांच्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या होत्या. पालघरला बायकांनी संरक्षण निधीत बांगड्या दिल्याचं ऐकलं होतं. माझ्याही मनात देश होता. पण तो पुस्तकांतून आलेला. त्यात हिमालय होता, मोठ्या नद्या होत्या, जुने राजे होते. मी स्वतः नाशिकच्या पलीकडे गेलो नव्हतो.

आमचे साहेब चांगला माणूस. घिवली गावाच्या पलीकडे, समुद्राच्या काठाने जी वाडी होती, तिथे देवळासमोर त्यांनी लोकांना जमवलं. चिकू, नारळ, केळीच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या राखणारी ही माणसं. साहेब म्हणाले, "आपले जवान सीमेवर प्राण देतायत. तुमच्याकडे देश फक्त जमीन मागतोय."

मग एक म्हातारबुवा उठले. "सायब, देऊ. देशाला नाय म्हनायचं नसतं. पन एवड्या मोट्या देशाला आमचीच वाडी कशी आठवली?"

हशा पिकला. साहेबही हसले. त्यांनी समजावून सांगितलं, की यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं आणि खाली पक्का खडकही लागतो. दोन्ही इथे आहे.

"म्हंजे आमचा समुद्रच आमाला नडला," म्हातारबुवा म्हणाले आणि खाली बसले.

एवढाच काय तो विरोध. त्या गावाने आम्हाला कधी दगड मारला नाही, खुंटी उपटली नाही. ज्यांची बाग मी कागदावर पुसत होतो त्यांच्याच ओट्यावर मी शहाळं पीत होतो. हे मला तेव्हाही विचित्र वाटत असे. आता नुसती कृतज्ञता वाटते.

बागांच्या खाली, वाळूला लागून, मच्छीमारांची आळी होती. ती हद्दीच्या बाहेर राहत होती. तिथली माणसं उठणार नव्हती, होड्या तिथेच लागणार होत्या. या आळीतल्या येसूबायची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. झालं असं, की वाळूच्या पट्ट्यावरून रेषा आखण्यासाठी आम्ही संध्याकाळी बांबू रोवून ठेवले. सकाळी येऊन पाहतो तर बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले बोंबील, तोंडात तोंड अडकवून, वाळत घातलेले. मी एक डोळा मिटून पाहिलं. बोंबलांशिवाय काही दिसेना.

येसूबाय तिथेच टोपली घेऊन उभी होती. माहेर दांडी गावचं, तिशी ओलांडलेली, आवाज वाऱ्यावर मात करणारा.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"मी. जागा बेस हाय, वारा चांगला लागते. सरकारनं बांबू दिलं, पन जरा आखूड दिलं. कुतरं उडी मारते."

"बाई, हे मोजणीचे बांबू आहेत. वाळवणाचे नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. वाळूवर ओळीत बांबू रोवण्याचं दुसरं काही कारण असू शकतं, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. मुंबईच्या बाजूचे लोक येऊन आपल्याला काहीतरी देणार आहेत असं कानावर आलं होतं; हेच ते, असं आळीने धरलं होतं.

"बोंबील अर्दं सुकलंत," ती म्हणाली. "आता काडलं तर सडतील. तुमची मोजनी सडते काय?"

बाबू माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, मुद्दा बरोबर हाय." आम्ही बोंबील वाळेपर्यंत दुसऱ्या बाजूचं काम केलं. येसूबायने नंतर बांबू धुऊन परत दिले, पण झेंड्यांचा वास हंगामभर गेला नाही.

आता विहीर.

बागांच्या समुद्राकडच्या टोकाला, जनाकाकीच्या बागेत, एक जुनी विहीर होती. आजूबाजूला कुठेही खणलं तर मचूळ पाणी लागे. या एका विहिरीला गोडं पाणी होतं आणि उन्हाळ्यातही ते हटत नसे. मच्छीमार आळीच्या सगळ्या घागरी तिथेच भरत. त्याखेरीज आळीला पुरेल एवढं गोडं पाणी म्हणजे खाडीपलीकडे जायचं, तेही ओहोटी असताना, चिखल तुडवत.

जनाकाकी विधवा होती. मुलगी लग्न होऊन केळव्याच्या बाजूला गेली होती. ही एकटी बाग सांभाळायची. पाण्याचे ती पैसे घेत नसे. रीत अशी होती, की पाण्याला येणाऱ्या बाईने न विकली गेलेली, मोडकी, वाळकी मासळी आणून चिकूच्या बुंध्याशी टाकायची. झाडांना तेच खत. पाणी घ्यायचं आणि झाडाला खत घालायचं, असं तिच्या सासऱ्यापासून चालत आलेलं. आणि दुसरी रीत, जी कुणी घालून दिलेली नव्हती, ती भांडणाची. सूर्य उगवला की विहिरीवर सुरू व्हायचं. आम्ही जवळच नकाशा काढायचा फळा लावून काम करायचो, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

"येसू, कालची मासळी कुटल्या झाडाला टाकलीस?"

"पलीकडल्या."

"पलीकडल्या म्हंजे केळीला. केळ करपली माजी. चिकूला टाक म्हनून किती वेळा सांगितलं?"

"केळीनं मला हाक मारली, काकी, म्हनून दिली."

"तुज्या जिबेला हाड नाय. आनि रहाटाची दोरी त्या हातानं धरू नको. सगळ्या पान्याला बोंबलाचा वास लागते."

"मंग चांगलंच हाय की. तुला बी फुकट कालवन."

बाकीच्या बाया घागरी भरता भरता हसत. दोघींपैकी एकीने जरी माघार घेतली असती तर त्यांचा दिवस फुकट गेला असता. पहिल्या दिवशी मी घाबरून मध्ये पडायला निघालो, तर जनाकाकीच माझ्यावर खेकसली, "तुमी मोजा. हे तुमच्या मोजनीत येत नाय."

आमची रेषा रस्त्याकडच्या एका जुन्या हद्दीच्या दगडापासून निघून समुद्राकडच्या खडकापर्यंत जात होती. ती जनाकाकीच्या जमिनीतून तिरपी जायची. बाग जवळजवळ सगळी आत. विहीरही आत, जेमतेम. पण रस्त्याकडचं तिचं घर आणि दारातली थोडी झाडं हद्दीच्या बाहेर राहत होती. वाडीत जिचं घर राहिलं अशी ती एकटीच. बाकीच्यांना समुद्रापासून दूर नव्या जागा मिळणार होत्या. शेजारणी तिला म्हणत, "जने, तुजं नशीब." तिला स्वतःपुरतं पाणी रस्त्यापलीकडच्या वाडीत मिळणार होतं, तिथली विहीर चार घरांची, एका अख्ख्या आळीला पुरणारी नव्हे.

विहीर आत जातेय हे कळल्यावर तिने मला विचारलं, "कुंपन झालं की या बाया कशा येतील?"

"येता येणार नाही, काकी."

"मंग पानी?"

मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी खरोखर विचार केला. पण एका विहिरीसाठी कुंपणाला खाच पाडायला वरचे तयार नव्हते. रेषा सरळ हवी. वाकड्या रेषेवर पहारा ठेवणं अवघड. आणि क्षेत्र कमी होता कामा नये. सरळ रेषा, तेवढंच क्षेत्र, या दोन अटी सोडून काय हवं ते सुचवा, असं ते मला म्हणाले.

नकाशावर पट्टी ठेवून मी बसलो होतो, तेव्हा मला ते दिसलं. रेषा मधोमध धरून दारासारखी थोडी फिरवली, तर समुद्राकडचं टोक आत सरकतं आणि विहीर बाहेर राहते. मात्र रस्त्याकडचं टोक तेवढंच बाहेर सरकतं. सरळपणा तोच, क्षेत्र तेच. फक्त जनाकाकीचं घर आत जातं.

मी पट्टी उचलली आणि नकाशा गुंडाळून ठेवला. बाबू भात चुलीवर ठेवत होता. त्याने विचारलं म्हणून त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे कुणाशी बोलायचं नाही. एका बाईचं राहिलेलं घर काढून घ्यायची युक्ती मी कशाला सुचवू? त्याने मान डोलावली. बाबूच्या पोटात भात राहायचा, गोष्ट राहायची नाही, हे मला अजून पुरतं कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी जनाकाकीच्या ओट्यावर जेवत होतो. ती आम्हाला रोज जेवायला घालायची, आम्ही नको म्हटलं तर म्हणायची, "माजी बाग चालून चालून तुमचे पाय दुकतात, त्याचं पाप मला नको." त्या दिवशी तांदळाची भाकरी होती आणि वालाचं बिरडं. विहिरीचा विषय निघाला. बाबू तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "काकी, तुमी घर देऊन टाका, म्हंजे हीर वाचली."

तो हसला. त्याला ती थट्टाच वाटत होती.

"म्हंजे कसं?" जनाकाकीने विचारलं.

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मग सांगावंच लागलं. मी अंगणात एक काठी ठेवली, मधे बोट धरलं आणि फिरवून दाखवली. इकडे विहीर, तिकडे घर.

तिने काठीकडे पाहिलं. मग आत जाऊन आणखी बिरडं आणलं आणि बाबूला म्हणाली, "घे. बोलून दमला असशील." पुढे त्याबद्दल एक शब्द नाही. परत येताना मी सायकल रागाने दामटली. तो मागे कॅरिअरवर बसून दोनदा म्हणाला, "साहेब, चुकलं," आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "पन बिरडं झकास होतं."

दुसऱ्या सकाळी विहिरीवरचं भांडण नेहमीसारखं झालं, उलट जरा जास्तच रंगलं. बाया घागरी घेऊन गेल्यावर जनाकाकी आमच्या फळ्यापाशी आली.

"ती काटी फिरव," ती म्हणाली.

"काकी, घाई नको. मुलीला विचारा."

"पोरीला विचारलं तर ती रडंल. मंग मी बी रडेन. मंग व्हायचं नाय." तिने पदराने हात पुसले. "मी रातभर बगितलं. घरात मी एकटी. हिरीवर किती बाया येतात ते तू रोज बगतोस. घर बांदायला जागा मिळते. हीर कोन देनार?"

मी म्हटलं, "त्या बायकांशी तर रोज भांडता तुम्ही."

"मंग? वाटंनं जानाऱ्याशी कोन भांडते?"

एक अट तिने घातली. आपण वाडी सोडेपर्यंत आळीतल्या बायांना कळू द्यायचं नाही. मी कारण विचारलं. "कळलं तर त्या लाजतील. गुमान पानी भरतील नि जातील. मला ते चालनार नाय."

साहेबांना मी नकाशा दाखवला. त्यांनी पट्टी ठेवून पाहिली, क्षेत्र पुन्हा काढायला लावलं आणि मग म्हणाले, "मला त्या बाईंना भेटायचं आहे." आम्ही तिघे तिच्या ओट्यावर बसलो. साहेबांनी सगळं तिला पुन्हा समजावलं. घर परत मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. तिने मान डोलावली.

साहेब भारावून गेले होते. ते म्हणाले, "काकी, हे तुम्ही देशासाठी करताय याची आम्हाला जाणीव आहे."

जनाकाकी जरा अवघडली. कुणीतरी तिला न शोभणारं लुगडं नेसायला दिलं असावं, तशी. मग म्हणाली, "देश काय मी बगितला नाय, सायब. माज्या हिरीवर रोज सकाळी बाया येतात, त्या बगितल्यात. त्या येतात ना देशात?"

"येतात," साहेब म्हणाले.

"मंग झालं."

साहेबांनी उठून तिला नमस्कार केला. पुढच्या गावांतही ते सभा घेत होते आणि मी हजर असायचो. त्यानंतर ते जवानांचं ते वाक्य फारसं वापरत नसत. जमीन कशाला हवी, कुणाची किती जाणार, बदली जागा कुठे मिळणार, एवढं साधं सांगत आणि लोकांचे प्रश्न ऐकत.

वरून मंजुरी आली. बाबू आणि मी समुद्राकडच्या खुंट्या उपटून आत घेतल्या. त्या दिवशी आळीत आनंद झाला. विहीर राहिली एवढंच त्यांना कळलं होतं. सरकारने दया केली असं त्यांना वाटलं. येसूबायने मला ताजे पापलेट आणून दिले. "तुमी मोजनीवाले एवडे वाईट नाय," ती म्हणाली. मग आम्ही रस्त्याकडच्या खुंट्या हलवायला गेलो. तिथे पाहायला कुणी नव्हतं. बाबूने खुंटी जनाकाकीच्या ओट्यापलीकडे रोवली आणि पहिल्यांदाच, मी "ताण" असं ओरडायची वाट न बघता साखळी ताणून उभा राहिला.

वाडी सोडायचा दिवस आला. एकेक कुटुंब बैलगाड्यांतून सामान नेत होतं. कुणी कौलं उतरवून घेतली होती, कुणी दाराच्या चौकटी. जनाकाकीची गाडी सकाळीच भरून झाली. आम्ही दोघे मदतीला गेलो होतो. ती मात्र गाडीत बसेना. विहिरीपाशी जाऊन उभी राहिली.

ऊन वर आलं. विहिरीवर एकही बाई नव्हती.

"आज कोन नाय आलं?" तिने विचारलं.

मी बाबूकडे पाहिलं. तो गाडीच्या चाकाकडे बघत होता. मला सगळं कळलं. तिलाही कळलं.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"कालच, काकी. येसूबाय म्हनाली, सरकार किती चांगलं. मला राहवलं नाय."

मला वाटलं, आता ती त्याला चांगलीच धुऊन काढील. ती रहाटाला टेकून उभी राहिली. "आता त्या येनार नाय," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा घर द्यायच्या दिवशीही मी असा पडलेला पाहिला नव्हता. एवढं सगळं करून तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच गेली होती. गाडीवान दोनदा खाकरला.

मग ती सावरली. "बाबू, जा आळीत. येसूला सांग, काकीनं रहाटाची दोरी सोडून गाडीत टाकली. लगीच ये."

"दोरी तर हितंच हाय."

"तू आजपतुर कदी खोटं बोलला नाय वाटतं? जा."

बाबू धावत गेला. थोड्या वेळाने येसूबाय आली, मागे दहाबारा बाया. सगळ्यांच्या कमरेवर घागरी. पण चाल देवळात जाताना असते तशी. येसूबायने दोरी रहाटावर पाहिली, गाडी पाहिली, जनाकाकीला पाहिलं आणि मान खाली घातली. तिचा तो वाऱ्यावर मात करणारा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ती जनाकाकीच्या पायांशी वाकायला लागली.

जनाकाकी दोन पावलं मागे सरकली. "हे काय नवीन? ऊन डोक्यावर आलं. पान्याची ही येळ हाय?"

येसूबायने रहाटाची दोरी धरली.

"मासळी आनली? नाय ना. फुकट पानी न्यायला आली. आनि दोरी सोड. हात धुतलेस का? सगळ्या पान्याला वास लागंल."

येसूबायने डोळे पुसले. तिने दोरी सोडली नाही. घागर खाली सोडली, रहाट करकरला. जनाकाकी मधेच उभी होती, वाट अडवून.

"तिकडून भर," जनाकाकी म्हणाली. "हितं माजी जागा हाय."

येसूबायने मान वर केली. आवाज आधी फुटला, मग लागला. "तुजी? तुजी कुटली? हीर आता तुजी नाय, काकी. आमची हाय. मला शिकवू नको. सर बाजूला, घागर लागंल."

जनाकाकी तिच्याकडे क्षणभर बघत राहिली. मग बाजूला झाली, नीट, घागरीला वाट मिळेल इतकी. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर पुष्कळ पुस्तकांत शोधलं आणि अजून मला त्याचं नाव सापडलेलं नाही.

"भर," ती म्हणाली. गाडीपाशी आली, चाकावर पाय ठेवून वर चढली आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक."

मागे विहिरीवर दोन बाया पहिली घागर कुणाची यावरून भांडायला लागल्या होत्या.